बिनमाईकची शिकवणी

ता. ६ जून

ती. ताईस,

शि. सा. न. आणि विनंती एवढीच की, हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कपाळावर हात मारून घेऊ नये.

तुला फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर पत्राने कळव म्हणून ठेवून देतेस. मागे मी जागा बदलताना तुला विचारलं नाही, तो राग अजून आहे की काय कोण जाणे. असो. आमच्या गल्लीत हल्ली पत्रं फक्त मलाच येतात, त्यामुळे पोस्टमन मला फार मोठा माणूस समजतो. तेवढाच फायदा.

बातमी अशी की दुकानात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. एका कचेरीने जुने मॉनिटर भंगारात काढले, ते सगळे मी उचलून आणले. भिंगरीची आई म्हणते, लोक घरी पाहुणे आणतात, आमच्याकडे डबडी येतात. पण ऐक तर खरं. आताशा पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर मिळतो, अगदी स्वस्त. तो मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसवायचा, जुना की-बोर्ड धुऊनपुसून जोडायचा, मेमरी कार्डात शिकवणीपुरतं सामान भरायचं, की यंत्र तयार. त्यावर सिनेमा दिसणार नाही, खेळ चालणार नाहीत. फळा दिसेल, बाईंचा आवाज ऐकू येईल आणि मुलांना टाइप करून उत्तर देता येईल. बस.

हे सगळं गोदामामागच्या खोल्यांतल्या मुलांसाठी. इंटरनेटवरची शिकवणी एक वेळ त्यांच्या घरच्यांना झेपते, ती घ्यायचं साधन झेपत नाही. घरात एक मोबाइल, आणि तो बापाबरोबर कामावर जातो. मी हे यंत्र किरकोळ भाड्याने देणार आहे. माईक आणि कॅमेरा मुद्दामच बसवलेला नाही. एक तर किंमत तेवढी खाली येते, आणि दुसरं म्हणजे जिथे एका खोलीत अख्खं कुटुंब राहतं, तिथे माईक लावला तर गणितापेक्षा भांडणंच जास्त ऐकू यायची.

आता मुद्द्याचं. यंत्रं झाली, मुलं जमली, पण बाई नाही. ज्याला विचारावं तो फीचा आकडा ऐकून पाठ फिरवतो. तू जन्मभर गणित शिकवलंस आणि मुदतीआधीच शाळा सोडून घरी बसलीस. कंटाळा आला म्हणालीस. गणिताचा कंटाळा आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांत तू बसत नाहीस. तुझ्यासाठी एक यंत्र, कानाला लावायचा माईकवाला हेडफोन आणि पेनाने लिहायची पाटी पार्सलने पाठवली आहे. नको असेल तर परत पाठव, पण तो खर्च तुझा.

लोभ असेल तो वाढवावा, राग असेल तो पार्सलात घालून पाठवावा.

तुझा,
खुडबुड्या

ता. २ जुलै

चि. खुडबुड्यास,

अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे भिंगरीच्या आईला दे. तुझ्याबरोबर संसार करते, तिला जास्त गरज आहे.

पार्सल उघडल्या उघडल्या परत पाठवणार होते. पण दोरीच्या गाठी तू अशा मारल्या होत्यास की त्या सोडवेपर्यंत माझा राग निवून गेला. शिकवणी सुरू झाली हे तुला ठाऊकच आहे. यंत्र बरं चालतं. बरं म्हणजे बरंच, उगाच फुगू नकोस.

मुलं हळूहळू ओळखीची व्हायला लागली आहेत. पेंटरची जुळी एकमेकांचं बघून लिहितात. दोघांची चूक एकाच ओळीत असते, त्यामुळे पकडायला कष्ट पडत नाहीत. भिंगरी उत्तर आधी लिहिते आणि विचार मागून करते, ही तुझी देणगी. पण लाँड्रीवाल्याची थोरली म्हणजे रत्न आहे रे. शाळेत ती तोंडातून अक्षर काढत नाही असं भिंगरीने मला लिहून कळवलं. इथे मात्र प्रत्येक पायरीला ती मला का म्हणून विचारते. परवा अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे पटवून घेतल्याशिवाय तिने मला पुढे जाऊ दिलं नाही. असा प्रश्न विचारणारं मूल मला फार वर्षांनी भेटलं.

आता तक्रारी. की-बोर्डवरचं एक बटण दाबलं की तिथेच रुतून बसतं. पडद्याचा उजेड डोळ्यांत जातो. आणि सगळ्यांत मोठी गैरसोय म्हणजे मुलांचा आवाज नाही. तासभर भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. वर्ग म्हटला की थोडा गलबला हवा. बाकी ठीक. शिकवीन म्हणते, सध्या तरी.

दुकानातला पसारा आवर, आणि सोल्डरिंग करताना चष्मा लाव. तू लावत नाहीस हे मला इथे बसून दिसतं.

आशीर्वाद आहेतच, ते न मागता मिळतील.

ताई

ता. ९ जुलै

ती. आत्यास,

सा. न. हे पत्र मी बाबांना न सांगता लिहिते आहे आणि पेटीतही मीच टाकणार आहे, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस.

आत्या, तू हे काय करून ठेवलंस? बाबा तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचतात. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, इथे आले आणि त्यांचा घास हातातच राहिला. आईने पुष्कळ समजावलं की ताईंनी तक्रार केली म्हणजे त्या खूश आहेत, मनावर घेऊ नका. पण तुझी तक्रार आणि बाबा मनावर घेणार नाहीत, असं कधी झालंय का? तुझी खिडकी करकरते असं तू एकदा म्हणालीस, तर त्यांनी अख्खी खिडकीच काढून खाली ठेवली होती आणि आपण सगळे दोन दिवस कुडकुडलो होतो.

जिथे दिवसभर लोकांचे फोन घेतात अशा एका कंपनीतून आता ते जुने हेडफोन घेऊन आलेत. त्यांचे माईक काढून साफ करतात आणि प्रत्येक घरी जाऊन यंत्राला जोडणार आहेत. तुला कळू द्यायचं नाही, एकदम आनंदाचा धक्का द्यायचा, अशी मला सक्त ताकीद आहे. ते इतके खुशीत आहेत की बेसूर शीळ वाजवत हिंडतात.

सुट्टीत मी तुझ्याकडे राहिले होते तेव्हा दाराची बेल वाजत राहिली होती, आणि तू शेजारच्याच खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होतीस. मी विचारलं तेव्हा तू सगळं खरं सांगितलंस, पण कुणाला सांगणार नाही असं वचन घेतलंस. मी ते पाळलंय. मला भिंगरी म्हणतात, पण माझ्या पोटात गोष्ट राहते. मात्र आत्या, आता मुलं बोलणार आणि तुला ऐकू येणार नाही. मग काय करायचं? बाबांना सांगू का? नुसतं हो एवढं लिही, बाकी मी बघते.

तुझी लाडकी आणि फार घाबरलेली,
भिंगरी

ता. १५ जुलै

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद आणि पाठीवर एक हात. अक्षर खरंच गचाळ आहे.

बाळ, हो लिहिणार नाही. बाबाला सांगू नकोस. का ते तुला सांगते, कारण तू आता लहान राहिली नाहीस.

शाळेतल्या शेवटच्या वर्षी मागच्या बाकावरची मुलं प्रश्न विचारायची आणि मी फळ्याकडे तोंड करून लिहीतच राहायची. एक दिवस सगळा वर्ग हसला. कशाला हसला ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही. त्याच आठवड्यात मी अर्ज दिला. लोकांना सांगितलं, कंटाळा आला. घरी बसल्यावर हातांचं काय करावं ते सुचत नसे. भाजी निवडताना मी मनातल्या मनात पाढे म्हणायची.

मग तुझ्या बाबाचं ते यंत्र आलं. पहिल्या दिवशी मी एक गणित घातलं, आणि तुमची उत्तरं पडद्यावर अक्षरांत उमटायला लागली. कोण काय म्हणतंय ते मला सगळं समजत होतं, एकही शब्द निसटत नव्हता. भिंगरी, मला रडू आलं गं. आपण पुन्हा बाई झालो असं वाटलं. आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून मीच शहाणपणा केला. चांगलं ऐकू येणाऱ्या बाईने जी तक्रार केली असती ती मी लिहून टाकली. आता आलिया भोगासी सादर व्हायचं, दुसरं काय.

तुमच्या आईवडिलांना कळलं की बाई बहिऱ्या आहेत, तर मुलांना माझ्याकडे कोण ठेवील? झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबाला माईक नको म्हणूनही लिहिता येत नाही, कारण माईकचं मला माहीतच नाही, असं आहे ना! ते बसले की मी सगळ्यांना सांगेन, टाइपच करा, लिहायची सवय मोडू नका. माझं कोण ऐकणार नाही?

तू निश्चिंत राहा, आणि उत्तराआधी विचार करायला शीक.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या

ता. २९ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज विनोद सुचत नाहीत, क्षमा असावी.

सोमवारी नेमकं काय झालं ते मला कळलेलं नाही, म्हणून विचारतो. तू भिंतीशी बोलते आहेस हे वाचून मला फार लागलं होतं. म्हणून मी घरोघर जाऊन माईक बसवले. रविवारी शेवटचा बसला. सोमवारी मी भिंगरीच्या खुर्चीमागे उभा होतो. मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं, आज टाइप करायचं नाही, सगळ्यांनी बोलायचं. त्यांनी एका आवाजात तुला नमस्कार केला. तू काहीच बोलली नाहीस. मग तू गणित घातलंस आणि लाँड्रीवाल्याच्या थोरलीने उत्तर दिलं. ताई, ती मुलगी बोलली! बरोबर उत्तर, स्वच्छ आवाजात, दोनदा. पाठोपाठ जुळी बोलली, भिंगरी तर ओरडलीच. आणि तू म्हणालीस की एकालाही येत नाही, कुणी अभ्यास केलेला नाही, आणि थोरलीकडून तुला ही अपेक्षा नव्हती. मग तास अर्ध्यावर बंद केलास आणि मला दोन ओळी टाइप करून पाठवल्यास, की दुसरी बाई बघ.

दुसरी बाई कुठून आणू? चाचणी परीक्षा तोंडावर आली आहे. लाँड्रीवाले काल यंत्र परत घेऊन आले, इस्त्रीच्या चादरीत नीट गुंडाळून. थोरली त्याच्यासमोर बसायलाच तयार नाही, म्हणाले. रागावले नव्हते, ओशाळलेच होते. ते मला जास्त टोचलं. भिंगरीला विचारावं तर ती रडते आणि शब्द दिलाय म्हणते. कुणाला, ते सांगत नाही.

माझ्यावर राग असेल तर तो माझ्यावर काढ, मी लहानपणापासून सरावलेला आहे. पोरांवर का काढलास? माझं काय चुकलं तेवढं कळव.

भाऊ

ता. ३ ऑगस्ट

चि. खुडबुड्या,

आशीर्वाद. तुझं काहीही चुकलेलं नाही. मला ऐकू येत नाही.

हे एवढं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. शाळा मी कंटाळून सोडली नाही, त्यामुळे सोडली. तुझे फोन उचलत नाही तेही त्यामुळेच. तू बोलतोस ते मला नुसतं गुणगुणल्यासारखं लागतं आणि हो हो म्हणून वेळ मारून नेताना लाज वाटते. जागेचा राग वगैरे काही नाही रे वेड्या. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, ही तक्रार खोटी होती. मला तुझं यंत्र फार आवडलं होतं.

माईक येणार हे भिंगरीने कळवलं होतं, पण सोमवारी ते बसलेत हे मला ठाऊक नव्हतं. मी गणित घातलं आणि पडदा कोराच राहिला. मी वाट पाहिली. एकाचंही अक्षर उमटेना. मला वाटलं, मुलांनी अंग काढून घेतलं, यांना माझा कंटाळा आला. त्या रागात बोलून गेले. मग पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राची सूचना दिसली की सगळे बोलत आहेत, तेव्हा मी तास बंद केला आणि तुला त्या दोन ओळी पाठवल्या. जी मुलगी कधी बोलत नाही ती बोलली, आणि मी तिला आळशी ठरवलं. तिच्या वडिलांनी ते यंत्र चादरीत गुंडाळून आणलं, हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

भिंगरीवर रागावू नकोस. शब्द मीच घेतला होता. तिला सांग, आता ती मोकळी झाली.

मला शिकवायचं आहे. पण कोणत्या तोंडाने ते सुचत नाही.

ताई

ता. ८ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. आणि या खेपेला खरोखर साष्टांग.

तुझं पत्र दुकानात वाचलं. वाचता वाचता मला हुंदका आला. समोर एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन उभं होतं. मला शॉक बसला असं वाटून त्याने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. सगळी गल्ली गोळा झाली. म्हणजे बदनामी व्हायची ती माझी झाली आहे, तुझी काही उरलेली नाही.

ताई, मी तुझ्यावर फार रागावलो आहे. जगाची बंद पडलेली यंत्रं मी उघडून बघतो, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं काय बिघडलंय ते मला कळू नये? आणि तू कळू देऊ नयेस? दोन वर्षं मी मनातल्या मनात रुसून बसलो होतो, की ताईला मी नकोसा झालो. तू तिकडे एकटी बेल न ऐकता बसली होतीस. झाकली मूठ म्हणे. भिंगरीने मला तुझं ते पत्र दाखवलं, आता लपवायचं काही राहिलं नाही म्हणून. उघड ती मूठ, मला हात धरायचा आहे.

माईक काढले. एक संध्याकाळ लागली. पेंटरची बायको म्हणाली बरं झालं, तिच्या नणंदेला घरात बसून सगळं ऐकू जात होतं आणि पोरांचं काय काय चुकलं याची ती उजळणी करत असे. माईक का काढले, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. ते तूच सांग. माझ्या तोंडून ते सबबीसारखं वाटेल. लाँड्रीवाल्यांकडे यंत्र परत नेऊन ठेवलं, फक्त सोमवारच्या तासाला थोरलीला एकदा समोर बसवा म्हणून हात जोडून आलो. बसेल की नाही, सांगता येत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मी तुझ्याकडे येतो. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. ते कानाचं यंत्र देतील ते मी उघडून बघणार नाही, असं भिंगरीच्या आईसमोर कबूल केलं आहे.

तुझ्यावर रागावलेला आणि तुझ्याशिवाय मुळीच न चालणारा,
खुडबुड्या

ता. १९ ऑगस्ट

चि. खुडबुड्यास,

अनेक आशीर्वाद. रविवारी ये. डॉक्टरची वेळ घेतली आहे. त्यांच्या दवाखान्यात भिंतीवरचं घड्याळ बंद आहे, त्याला हात लावायचा नाही.

सोमवारचं सांगते. नावांची पट्टी उघडली तर सगळी हजर होती. थोरलीचं नाव सगळ्यांत शेवटी लागलं. मी रात्रभर केलेली तयारी विसरले. सरळ सांगितलं की मला ऐकू येत नाही. मागे फिरायला वाट नको म्हणून पाटीवरही ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग थोरलीला म्हटलं, तुझं उत्तर बरोबर होतं, मी ते ऐकलं नाही आणि वर तुला बोलले. चूक माझी, तू मला माफ कर. शेवटी सगळ्यांना म्हटलं, ज्यांना नीट ऐकू येणारी बाई हवी असेल त्यांनी मोकळेपणाने लिहावं, मला वाईट वाटणार नाही. हे शेवटचं खोटं होतं, तुला म्हणून सांगते.

कुणीच काही लिहीना. पडदा कोरा. त्या सोमवारसारखाच. नुसतं बसवेना, म्हणून मी समीकरण घातलं आणि एकेक ओळ सोडवत गेले. हातांना तेवढंच काम. कुणी बघतंय की नाही, याचाही पत्ता नव्हता.

आणि अक्षरं उमटली. थोरलीची होती. तिने लिहिलं होतं की बाई, तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह राहिलंय, तुमचं उत्तर चुकणार.

मी पाहिलं तर खरंच राहिलं होतं. तोवर जुळ्यांनी दोघांनी मिळून एकच वाक्य पाठवलं की आम्हालाही ते केव्हाचं दिसत होतं, आणि भिंगरीने पुढचं उत्तर लिहून टाकलं, अर्थातच विचार न करता. बहिऱ्या बाईबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांना ते समीकरण सुटायला हवं होतं.

मी चिन्ह घातलं आणि चौथी ओळ लिहिली. तास वेळ संपून गेल्यावरही चालला होता.

उद्याची गणितं काढायची आहेत, म्हणून इथेच पुरे. भिंगरीच्या आईला नमस्कार, भिंगरीला पापा. जसा जीव लावला आहेस तसाच लावत राहा.

तुझी,
ताई